मीना बाजारानंतरचा सोमवार

आमच्या वस्तीच्या नाक्यावर एक लांब भिंत आहे. गेल्या आठवड्यात तिच्यावर आम्ही गिरणी कामगारांच्या संघटनेतल्यांनी पत्रकं चिकटवली. दोन पातेली खळ मी स्वतः शिजवली होती. काल रविवारी सकाळी बघते तर आमच्या प्रत्येक पत्रकावर मीना बाजाराचं पोस्टर. लाल-पिवळा आकाशपाळणा, पाळण्यात दात दाखवणारं एक कुटुंब, खाली 'मौत का कुआँ'. आमच्या पत्रकावर मथळा होता, 'गिरणीच्या धुळीनं माणूस मरतो'. त्यातलं 'मरतो' एवढंच पोस्टरच्या कडेखालून डोकावत होतं, बरोबर त्या हसणाऱ्या कुटुंबाच्या पायाशी.

फाडायला नखं लावली आणि तशीच उभी राहिले. थंडी सुरू झाली आहे. हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागलेत, रस्ताभर सालींचा वास आहे, आणि सदरकडच्या मैदानातून वाऱ्याबरोबर बांबू ठोकल्याचे आवाज येताहेत. लोक म्हणतात, हिवाळा हा नागपूरचा सगळ्यात सुखाचा ऋतू. असेल. मला या ऋतूची भीती वाटते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे चार दिवस याच ऋतूतले आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ आलेला एक सोमवारही. ते चार दिवस आठवायचे तर तो सोमवार आठवावाच लागतो. आणि आता तर माझा धाकटा भाऊ राजू गेल्या पावसाळ्यापासून त्याच गिरणीत, त्याच खात्यात बदली कामगार म्हणून जातो आहे. म्हणून हे लिहिते आहे. नुसत्या हळहळीसाठी लिहायला मला वेळ नाही.

बाबा कार्डिंग खात्यात होते. तिथं कापूस विंचरतात. लोखंडी दातांच्या मोठ्या ढोलांवरून तो फिरतो, आणि त्यातला जो बारीक अंश सुताच्या पेळूत जात नाही तो हवेत जातो, हवेतून माणसात. बाबा याच खात्यात का? कारण आजोबा याच खात्यात होते. आजोबांना कापड विणायच्या खात्यात घेतलं नाही, कारण तिथं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्यांनी तोंडाला कसा लावायचा? पुढं आम्ही दीक्षा घेतली, माणसं झालो, पण गिरणीच्या हजेरीपटावर जागा बदलली नाही. खातं वारशानं मिळालं. लोकांना वारशात शेत मिळतं.

दुपारी चारला बाबा घरी यायचे ते पांढऱ्या भुवयांचे. पापण्या पांढऱ्या, कानातले केस पांढरे. राजू ओरडायचा, "बुढा आला, बुढा आला!" मग नळाखाली डोकं धरलं की आतून आमचे काळेभोर बाबा निघायचे. रोज म्हातारं होऊन रोज तरुण होणारा बाप दुसऱ्या कुणाच्या घरी नाही, याचा आम्हाला गर्व होता. काय मूर्ख गर्व!

त्या वर्षी मी दहा वर्षांची, राजू सहाचा. गिरणीनं कार्डिंगमधली जुनी यंत्रं काढून नवी बसवायला घेतली, म्हणून खातं चार दिवस बंद. गुरुवार ते रविवार. बाबा घरात चार दिवस! आणि मैदानात मीना बाजार. मी बुधवारी रात्री जेवताना पाळण्याचा हट्ट धरला तो धरलाच. माय म्हणाली, "एक दिवस जाऊ." बाबा म्हणाले, "एक दिवस काहून? चारही दिवस जाऊ. पुन्हा कोण बंद ठेवते खातं आपल्यासाठी?"

बाबांसोबत कुठं जायचं म्हणजे पळायचं, अशी आमची पक्की समजूत. त्यांचं एक पाऊल, आमची तीन. बाजारात भाजी घेतानाही ते असे चालत, की मागून मायचा आवाज यायचा, "अवो, बायको सांडली मागं, उचला!" त्या गुरुवारी मात्र उलटं झालं. बस सदरला थांबली, तिथून मैदान दिसत होतं, पाळणा दिसत होता, राजूनं माझा हात सोडून पळ काढला, आणि बाबा थांबले. कमानीवर एक हत्ती रंगवला होता. बाबा म्हणाले, "थांबा पोट्टेहो. हत्ती पाहून घ्या."

"रंगवलेला आहे तो," मी म्हणाले.

"मंग? रंगवणाऱ्यानं मेहनत नाई केली? पाह्य, सोंडेले गाठ मारल्यासारखी केली लेकाच्यानं."

आम्ही हत्ती पाहिला. खरंच, सोंडेला गाठ होती. मग वीस पावलांवर पोपटवाला, तिथं थांबलो. हसवणाऱ्या आरशांच्या तंबूबाहेर थांबलो. आत न जाता, बाहेर येणाऱ्या लोकांची तोंडं बघत. बाबा कानात सांगायचे, "हा जाड झाला होता आत. हा लंबा. हिची तं मुंडीच गायब झाली असंन." आम्ही हसून हसून खाली बसलो. बाबाही बसले. मायनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं.

आज मला त्या नजरेचा अर्थ कळतो. तेव्हा एवढंच कळलं, की आपले बाबा बदलले. त्यांना आपल्यासाठी वेळ आहे. प्रत्येक दुकानापुढं ते थांबत होते, प्रत्येक गोष्ट बघत होते, आणि त्यांच्यामुळं आम्हीही बघत होतो. पाळण्यापर्यंत पोचायला आम्हाला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत मी जे पाहिलं ते नंतरच्या कुठल्याच मेळ्यात पाहिलं नाही. बाप वीस पावलांच्या वर चालू शकत नव्हता. आमचा आनंद त्याच्या धापेच्या मापानं कापलेला होता. वीस पावलं, एक आनंद. वीस पावलं, एक आनंद.

बुढ्ढी के बाल विकणाऱ्याजवळ ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. गोल पत्र्याच्या ढोलात साखर पडत होती, मधली चकरी फिरत होती, आणि हवेतून गुलाबी तंतू जमत होते. बाबा कमरेवर हात ठेवून उभे.

"बेबी, पाह्य. हे माहं खातं. असंच. फक्त पांढरं."

राजूनं विचारलं, "तुमच्या खात्यातलं बी खाता येते?"

"खावंच लागते बेटा," बाबा म्हणाले. विकणारा हसला, आम्ही हसलो. माय नाही हसली.

मौत का कुआँ म्हणजे फळ्यांची उंच गोल विहीर. बाहेरून लाकडी जिना, वर कठड्यावर उभं राहून आत बघायचं. बाबा जिन्यापाशी गेले, वर बघितलं, आणि म्हणाले, "वरून तं सगळेच पाहतात. आपण खालून आइकू." आम्हाला वाटलं, थट्टा करून राहिले. पण त्यांनी खरंच फळीला कान लावला. मग मी लावला, राजूनं लावला. आत मोटारसायकल सुरू झाली. आधी दूर, मग जवळ, मग गालावरून अशी गेली की दात वाजले. पुन्हा दूर. पुन्हा जवळ. वरची माणसं डोळ्यांनी बघत होती, आम्ही गालांनी. फळीला जुन्या तेलाचा वास होता. बाबांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर, त्यांचे डोळे मिटलेले, आणि मोटारसायकल दूर गेली की मधल्या शांततेत दुसरा एक आवाज यायचा, बारीक, शिटीसारखा. मला वाटलं, तोही विहिरीतूनच येतो आहे.

शुक्रवारी आम्ही काहीच केलं नाही, आणि तो दिवस सगळ्यात मोठा होता. मैदानाच्या कडेला गवतावर बसून संत्री सोलली. मायनं पैज लावली, की साल न तोडता अख्खं संत्रं सोलेल त्यानं जिंकलं. तिनं सोललेली साल तिच्या बांगडीत अडकवली तर कोपरापर्यंत लोंबली. लाउडस्पीकर कोकलत होते, हरवलेल्या पोरांची नावं घेत होते, आणि त्या गोंगाटात माझी माय पदर तोंडावर घेऊन झोपली. दिवसा! मी तिला दिवसा झोपलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा तिच्या तोंडावरची माशी संत्र्याच्या सालीनं हाकलत बसले.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्यासारख्यांच्या सभेत लोक हक्क मागतात, बोनस मागतात, पक्की नोकरी मागतात. दिवसा, उघड्यावर, निवांत झोपायचा हक्क कुणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या मायनं तो एकदाच बजावला, दीड तास.

शनिवारी बाबा थांबत होते, पण कमी. आणि रविवारी? रविवारी ते राजूला खांद्यावर घेऊन मौतच्या कुव्याचा जिना एका दमात चढले. वर पोचून ओरडले, "ये ना वं बेबी, काय मुंगीसारखी चढून राहिली!" खाली येऊन ते मायला म्हणाले, "चाल, पाळण्यात बसू." माय म्हणाली, "भैताड झाले का? या वयात?" पण बसली. पाळणा वर गेला तेव्हा आमचं आसन हललं, मायनं डोळे मिटून बाबांचा दंड धरला. वरून सगळं नागपूर दिसत होतं, झाडं, सिव्हिल लाइन्सचे बंगले, आणि लांब आमच्या गिरणीचं धुराडं. धूर येत होता. आमचंच खातं तेवढं बंद होतं. बाबांनी एक डोळा मिटला आणि अंगठा पुढं धरला.

"पाह्य वं. इथून तं ते काईच नाई. अंगठ्यानं झाकते."

त्यांनी झाकून दाखवलं. मग पाळणा खाली आला.

तिथं, त्या संध्याकाळी, सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं. गुरुवारी वीस पावलं न चालणारा माणूस रविवारी पोर खांद्यावर घेऊन जिना चढला. चार दिवसांत काय बदललं होतं? कुठलं औषध घेतलं होतं? आंधळ्यालाही दिसावं असं होतं. आम्हाला दिसलं नाही. आम्हाला वाटलं, माणूस आज खुशीत आहे.

सोमवारी बाबा नव्या यंत्रांवर गेले. ही यंत्रं जुन्यापेक्षा जोरात फिरत. जास्त सूत, जास्त वेग, जास्त धूळ. धूळ ओढून बाहेर टाकणारे नळ बसवायचे मात्र मालकाला सुचलं नाही. चार वाजता मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. बाबा आले. पहिल्या घराच्या भिंतीला हात लावून थांबले. तिसऱ्या घराच्या ओट्यावर टेकले. आमच्या दारात आले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून बसले. पाणी दिलं तर घेता येईना. खांदे वर-खाली होत होते आणि फळीला कान लावल्यावर ऐकलेली ती बारीक शिटी आता विहिरीशिवायच वाजत होती. राजू नेहमीसारखा ओरडला, "बुढा आला!" आणि मायच्या मागं सरकला. त्या दिवशी भुवया धुतल्यावरही बाबा तरुण झाले नाहीत.

शेजारच्या वच्छलाबाई आल्या. त्यांचा नवराही कार्डिंगचाच. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला. "चार दिवस उघड्यावर हिंडवलं वं तुम्ही त्याइले. गार हवा, वरून संत्री! मंग छाती भरंन नाई तं काय? माह्या घरचे बी तसेच. सुटी झाली का सोमवारी छाती भरलीच. शनिवार येता येता मोकळी होते. कामानं घाम निंघते, छाती सुटते."

"हाव," बाबांनी मान हलवली. दम घेत घेत म्हणाले, "सुटीच... बाधते मले."

आणि माय माझ्याकडे वळली. "तुह्या पाळण्यानं केलं हे."

आमच्या वस्तीतले लोक अडाणी होते म्हणून चुकले, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. त्यांनी बघायचं ते अचूक बघितलं होतं. सोमवारी वाईट, शनिवारी बरं. घराघरातला हिशेब हाच. धुळीत रोज राहिलं की छाती बधिर होते, एक-दोन दिवस मोकळी हवा मिळाली की जागी होते, आणि सोमवारी पहिल्या श्वासाला ओरडते. तिचं ते ओरडणं खरं होतं. पण ओरड सुटीच्या नावानं लागली. गुन्हेगार सुटला, आणि ज्या एका गोष्टीनं माणूस वाचत होता तिलाच आम्ही घराबाहेर काढलं. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं बाबांची छाती न तपासता चिठ्ठीवर लिहिलं, 'बिडी सोडा.' बाबा म्हणाले, "साहेब, आधी धरू द्या, मंग सोडतो." ते बिडी पीत नव्हते. तो गोरा-गोमटा शिकलेला माणूस कुठल्या शाळेत अडाणी झाला होता?

त्यानंतर आम्ही मीना बाजाराला गेलो नाही. संत्री घरात आली नाहीत. बाबांनी रविवारी सफाईच्या कामावर जायला सुरुवात केली, म्हणजे सुटीच नको आणि सोमवारही नको. दर रविवारी सकाळी माय त्यांना उठवायची, "जा, छाती मोकळी होईन." मी अकरावीत असताना ते गेले. कागदावर दमा लिहिलं होतं. दरवर्षी हिवाळ्यात बांबू ठोकल्याचे आवाज आले की मी खिडकी लावून घ्यायची. बापाला पाळण्यात बसवून मारलं, असं मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मनात मात्र दरवर्षी तेच.

मागच्या पावसाळ्यात आम्ही गिरणीतल्या बारा माणसांना रामदासपेठेतल्या एका तरुण डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "त्रास कुठल्या वारी जास्त होतो?" बारा माणसं, वेगवेगळी, एकामागून एक म्हणाली, "सोमवारी." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि मला सगळं समजावून सांगितलं. मी जिन्यावर येऊन बसले. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात सुटकाही होती. पाळण्यानं नाही. माझ्या हट्टानं नाही.

त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. फाटकावर वाटलं, वस्तीत घरोघरी वाटलं. घरी मात्र दिलं नाही. मायला वाचता येत नाही, हे कारण मी स्वतःला सांगितलं.

काल पोस्टर तसंच ठेवून घरी आले आणि मायसमोर बसले. राजू बाजेवर लोळत रेडिओ ऐकत होता. मी सगळं सांगितलं. सोमवार, शनिवार, धूळ, बाबांचं जिना चढणं. माय तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"म्हंजे सुटीनं नाई झालं?"

"नाई वं माय. सुटीनं तं बरं वाटत होतं त्याइले. अजून सुटी भेटली असती तं..."

इथं मी थांबायला हवं होतं. फाटकावर बोलताना थांबायची सवय नसते.

मायचे हात थांबले. "मंग रविवारी बी कामावर जा म्हणून त्याइले कोण धाडत होतं?" ती म्हणाली. "मीच ना?"

मी म्हणाले, तुला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, दोष गिरणीचा आहे. सगळं बरोबर म्हणाले. पत्रकात शोभेल असं. माझ्या खांद्यावरून जे मी पंधरा वर्षांनी उतरवलं ते तिच्या खांद्यावर ठेवलं होतं, आणि ठेवताना ते किती जड आहे हे मलाच सगळ्यात जास्त माहीत होतं.

बाजेवरून राजू म्हणाला, "कायले तिले घाबरवून राहिली तू? मी जातो ना रोज. मले काई नाई होत. सोमवारीच थोडं जड वाटते, बस."

रेडिओ चालू होता. माय उठली, तिनं तो बंद केला. राजूकडे बघितलं. एकवीस वर्षांचा आहे, पाठ अजून पोरासारखी आहे. घरात पगार त्याचा एकट्याचा. मी पत्रकं लिहिते. पत्रकांनी चूल पेटते, पण जाळून.

"तू शिकलेली आहेस," माय मला म्हणाली. "मंग सांग. सकाळी त्याचा डबा भरू का नको भरू?"

पत्रकात मी सहा मागण्या लिहिते, नंबर घालून. डब्याबद्दल त्यात एकही नाही.

आज सोमवार. भोंगा व्हायच्या आधीच माय उठली होती. स्टोव्हचा आवाज आला, भाकरी थापल्याचा आला, मग डब्याचं झाकण. मी पडल्या पडल्या ऐकत होते. राजू तोंड धुऊन दारात आला, सायकलला टेकून उभा राहिला. मायनं डबा त्याच्या हातात दिला आणि आपलाही हात तसाच ठेवला. दोघं डबा धरून उभे. भोंगा झाला. बाहेरून गल्लीतली माणसं निघाल्याच्या चपला वाजू लागल्या.

"सोड ना वं माय," राजू हसून म्हणाला. "उशीर होऊन राहिला."

मायनं सोडला.